बाहेरच्या दबावाने तुरुंगातला कार्यकर्ता सुटतो का, आणि घरच्यांनी बोलावं की गप्प राहावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे की एखाद्या मानवाधिकार कार्यकर्त्याला राजकीय कारणाने आत टाकलं आणि केस मात्र टॅक्सची किंवा दहशतवादाची लावली, तर परदेशी सरकारांची पत्रकं, यूएनची पत्रं, पुरस्कार, निर्बंध यांचा खरंच काही उपयोग होतो का, की सरकार अजून चिडतं आणि आतल्या माणसाचे हाल वाढतात? आणि घरच्यांनी काय करावं?

मी बरीच वर्षं अशा केसेसच्या फायली बनवायचं काम करते, म्हणजे वकिलांकडून कागद गोळा करणं, यूएनकडे तक्रार पाठवणं, दूतावासांना माहिती देणं आणि घरच्यांच्या सतत संपर्कात राहणं. माझं मत असं की दबावाने फरक पडतो, पण आवाज कितीही मोठा केला तरी तेवढ्याने पडत नाही. सोडायचा निर्णय बहुतेक वेळा कोर्टाच्या वर बसलेल्या एखाद्या माणसाच्या हातात असतो, त्याला त्या काळात कोणाकडून तरी काहीतरी हवं असतं, दौरा, कर्ज, शस्त्रं, व्यापार, नाहीतर फक्त चारचौघांत मान, आणि आपली केस बरोबर त्या गोष्टीच्या आड येऊन उभी राहिली की हालचाल सुरू होते. तसं झालं नाही तर पत्रकं निघत राहतात आणि माणूस आतच राहतो.

इजिप्तचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२० मध्ये काही देशांचे राजदूत आणि अधिकारी ईआयपीआर या मानवाधिकार संस्थेच्या कैरोतल्या ऑफिसमध्ये भेटीला गेले, आणि त्याच महिन्यात संस्थेच्या तीन वरिष्ठ लोकांना एकामागून एक उचललं, आरोप काय तर दहशतवादी गटाशी संबंध आणि खोट्या बातम्या. जगभर ओरड झाली, सरकारं बोलली, यूएन बोललं, सिनेमातली मोठी नावं बोलली, आणि ३ डिसेंबरला तिघेही बाहेर आले. आता तारीख बघा, त्यानंतर तीनच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष सिसी पॅरिसच्या अधिकृत दौऱ्यावर पोचले. पत्रकार परिषदेत सगळे प्रश्न या तिघांवर आले असते, ते त्यांना नको होतं. पण त्याच संस्थेचा संशोधक पॅट्रिक झाकी फेब्रुवारी २०२० पासून आत होता, तो मात्र आतच राहिला, डिसेंबर २०२१ मध्ये सुटला, मग जुलै २०२३ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली आणि दुसऱ्याच दिवशी माफी मिळाली, कारण तोपर्यंत इटलीत त्याच्यासाठी खूप मोठी मोहीम उभी राहिली होती. एकच संस्था, एकच सरकार, पण प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. आणि हेही विसरू नका की सुटलेल्या तिघांच्या वैयक्तिक मालमत्तेवरची बंदी कोर्टाने त्याच आठवड्यात कायम केली आणि पॅरिसमध्ये फ्रान्सच्या अध्यक्षांनी उघड सांगितलं की शस्त्रविक्रीला मानवाधिकाराची अट घालणार नाही. म्हणजे दबाव तीन माणसांपुरता चालला, त्यापुढे नाही.

अझरबैजानमध्ये हेच थोडं सावकाश झालं. २०१४ च्या उन्हाळ्यात तिथे मानवाधिकार कार्यकर्त्या लेला युनूस, त्यांचे पती आरिफ, वकील इंतिगाम अलियेव, रसूल जाफारोव अशा एकेकाला आत टाकलं, आरोप टॅक्स चुकवल्याचे आणि बेकायदा धंद्याचे. आधी ग्रँटचे, म्हणजे संस्थांना मिळणाऱ्या निधीचे नियम इतके आवळले की कायदेशीरपणे पैसे घेणंच जवळजवळ अशक्य झालं आणि मग पैसे घेतले म्हणून केस. त्या वेळी युरोप परिषदेच्या (ही युरोपियन युनियनपेक्षा वेगळी, मानवाधिकारांवर काम करणारी देशांची संघटना) मंत्री समितीचं अध्यक्षपद याच देशाकडे होतं! त्याआधी जानेवारी २०१३ मध्ये त्याच परिषदेच्या संसदीय सभेत अझरबैजानच्या राजकीय कैद्यांवरचा अहवाल ७९ विरुद्ध १२५ मतांनी पाडला गेला होता, आणि २०१८ मध्ये सभेच्याच चौकशी समितीने सांगितलं की काही सदस्यांवर अझरबैजानच्या बाजूने भ्रष्टाचाराचा दाट संशय आहे. घरच्यांना मी हे मुद्दाम सांगते, कारण आंतरराष्ट्रीय व्यासपीठ म्हणजे आपोआप आपल्या बाजूचं असं काही नसतं, समोरचं सरकारही तिथे पूर्ण तयारीने आणि पैसा घेऊन उतरलेलं असतं. पुढे तेलाचे भाव कोसळले, पश्चिमेशी संबंध नीट करायची गरज पडली, आणि मार्च २०१६ च्या शेवटी वॉशिंग्टनला अणुसुरक्षा परिषदेला जायच्या तोंडावर जाफारोवना माफी मिळाली, अलियेव यांची शिक्षा स्थगित झाली, मे मध्ये पत्रकार खदिजा इस्मायिलोवा सुटल्या. दोन वर्षं केलेलं काम वाया गेलं होतं का, तर नाही, त्या कामामुळेच ही नावं यादीत वर होती. संधी आपण बनवू शकत नाही, पण ती येईल त्या दिवशी आपल्या माणसाचं नाव समोरच्याच्या टेबलावर असेल एवढी तजवीज करता येते.

लुजैन अल-हथलूल यांच्या केसमधून अजून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. सौदीत बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळायच्या काही आठवडे आधी, मे २०१८ मध्ये, त्याच हक्कासाठी लढलेल्या या बाईला अटक झाली. डिसेंबर २०२० मध्ये दहशतवादविरोधी कोर्टाने ५ वर्षं ८ महिन्यांची शिक्षा दिली, त्यातली २ वर्षं १० महिने स्थगित ठेवली आणि उरलेली आत काढलेल्या दिवसांपासून मोजली, म्हणजे हिशोब असा बसवला की त्या दोन-तीन महिन्यांत बाहेर येतील. अमेरिकेत नवं सरकार जानेवारीत आलं आणि १० फेब्रुवारी २०२१ ला त्या सुटल्या. आमची चूक झाली असं कुठलंच सरकार म्हणत नाही, त्याला बाहेर पडायला वाट लागते, मग ती माफी असेल, तब्येतीचं कारण असेल, स्थगित शिक्षा असेल. मोहीम चालवणाऱ्यांनी ती वाट बंद करू नये. लोकांसमोर "निर्दोष आहे, बिनशर्त सोडा" म्हणायलाच हवं, पण आतल्या चर्चेत वकिलाने आणि राजनैतिक अधिकाऱ्याने कायद्यातली नेमकी वाट सुचवायला हवी, कलम कुठलं, अर्ज कोणाकडे, सही कोणाची. दोन्ही एकाच वेळी चालतं, त्यात विरोध नाही.

आता चिडण्याबद्दल. हो, सरकारं चिडतात, हे लपवून घरच्यांना खोटा धीर देऊ नये. किर्गिझस्तानचे मानवाधिकार कार्यकर्ते अझिमजान अस्कारोव यांना २०१० पासून जन्मठेप चालू होती, २०१५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्यांना मानवाधिकाराचा पुरस्कार दिला आणि किर्गिझ सरकारने अमेरिकेबरोबरचा १९९३ चा सहकार्य करारच रद्द करून टाकला. २०१६ मध्ये यूएनच्या मानवाधिकार समितीने सांगितलं की त्यांचा छळ झालाय, ताबडतोब सोडा, तिथल्या सुप्रीम कोर्टाने केस पुन्हा चालवायला लावली, आणि जानेवारी २०१७ मध्ये पुन्हा जन्मठेपच झाली. जुलै २०२० मध्ये ते तुरुंगातच वारले. चीनचे लेखक आणि लोकशाहीवादी कार्यकर्ते लियू शियाओबो यांना ११ वर्षांची शिक्षा भोगत असताना २०१० चं नोबेल मिळालं, चीनने नॉर्वेशी संबंध तोडल्यासारखेच केले, ते सुरळीत व्हायला डिसेंबर २०१६ उजाडलं, आणि लियू जुलै २०१७ मध्ये कॅन्सरने पोलिसांच्या पहाऱ्यातच वारले. कवयित्री असलेल्या त्यांच्या पत्नी लियू शिया, ज्यांच्यावर कुठला आरोपही नव्हता, वर्षानुवर्षं नजरकैदेत होत्या. त्या जुलै २०१८ मध्ये सुटून जर्मनीला गेल्या, चीनचे पंतप्रधान बर्लिनला मर्केल यांना भेटले त्याच्या दुसऱ्या दिवशी. ती सुटका अनेक महिन्यांच्या शांत बोलण्यातून आली, पण त्या बोलण्याला वजन कुठून आलं तर बाहेर लोक त्यांचं नाव सतत घेत होते त्यातून.

मग गप्प बसलेलं बरं का? तपास अधिकारी घरच्यांना हमखास सांगतात की मीडियात गेलात तर केस बिघडेल, शांत राहा, लवकर सोडू. पहिल्या काही दिवसांत हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात येतं आणि माणूस घाबरलेला असतो म्हणून विश्वास ठेवतो. माझा अनुभव असा की पहिले दिवसच सगळ्यात धोक्याचे असतात, मारहाण, जबरदस्तीचा कबुलीजबाब, वकिलाला भेटू न देणं हे सगळं तेव्हाच होतं, आणि बाहेर कोणाचं लक्ष नाही हे कळलं की ते जास्त होतं. ॲम्नेस्टी या आंतरराष्ट्रीय मानवाधिकार संस्थेचं पहिलं तातडीचं आवाहन मार्च १९७३ मध्ये ब्राझीलचे प्राध्यापक लुईझ रोस्सी यांच्यासाठी निघालं, आणि नंतर त्यांनी स्वतः सांगितलं की आपली केस बाहेर कळलीय हे समजल्यावर आता हे आपल्याला मारू शकणार नाहीत अशी खात्री झाली आणि आतली वागणूकही सुधारली. सुटका नाही झाली तरी बरंच काही मिळवता येतं. औषध मिळणं, एकांतकोठडी संपणं, घरी फोन करता येणं, डॉक्टर बघणं ही छोटी मागणी वाटते पण आतल्या माणसासाठी तेच जगणं असतं. म्हणून प्रत्येक पत्रात एक मोठी मागणी आणि एक-दोन अगदी ठोस छोट्या मागण्या लिहा. कैद्यांना कसं वागवायचं याच्या यूएनच्या २०१५ च्या मंडेला नियमांप्रमाणे सलग १५ दिवसांपेक्षा जास्त एकांतकोठडी चालत नाही, असं नियमाचं नाव घेऊन लिहिलं की तुरुंग अधिकाऱ्यालाही ते टाळणं अवघड जातं.

तब्येतीच्या बाबतीत तर एक दिवसही थांबू नका. चीनच्या कार्यकर्त्या त्साओ शुनली सप्टेंबर २०१३ मध्ये जिनिव्हाला निघालेल्या असताना बीजिंग विमानतळावर पकडल्या गेल्या, आत उपचार मिळाले नाहीत, मार्च २०१४ मध्ये वारल्या. भारतात फादर स्टॅन स्वामी, वय ८३, पार्किन्सन्स झालेले, ऑक्टोबर २०२० मध्ये दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली आणि ५ जुलै २०२१ ला जामिनाचा अर्ज कोर्टात असतानाच मृत्यू. त्यांची अटक मनमानी होती असं यूएनच्या तज्ज्ञांच्या वर्किंग ग्रुपने म्हटलं ते त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, माणूस गेल्यानंतर. हे वाचून अजूनही राग येतो. जिथे जामीनच जवळपास मिळत नाही अशा कायद्यांत शिक्षा निकालाआधीच भोगून होते, त्यामुळे बाहेरच्यांनी निकालाची वाट बघत बसणं म्हणजे माणसाला सोडून देण्यासारखं आहे.

यूएनकडे जायचं म्हणजे नक्की कुठे, हे खूप जणांना माहीत नसतं. मनमानी अटकेवरचा वर्किंग ग्रुप १९९१ पासून आहे, पाच तज्ज्ञांचा, त्याच्याकडे कुठल्याही देशाची केस नेता येते आणि देशातली सगळी कोर्टं आधी संपवायची अट नाही. ते सरकारला ६० दिवसांची मुदत देतात आणि मग अटक मनमानी आहे की नाही यावर लेखी मत देतात. जिवाला धोका असेल तर वेगळं तातडीचं पत्र लगेच जाऊ शकतं. मानवाधिकार कार्यकर्त्यांसाठी स्पेशल रॅपोर्टर, म्हणजे यूएनने नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ, वेगळे आहेत, यूएनच्या मानवाधिकार कार्यकर्त्यांवरच्या १९९८ च्या जाहीरनाम्याचा आधार घेऊन ते सरकारला पत्र लिहितात, आणि ते पत्र साधारण ६० दिवसांनी सार्वजनिक होतं. या सगळ्याला तुरुंगाचं कुलूप उघडायची ताकद नाही, हे आधीच सांगते. पण त्या मताचा कागद हातात आला की वकील तो कोर्टात लावतो, खासदार संसदेत प्रश्न विचारतो, दूतावास बैठकीच्या अजेंड्यावर टाकतो, पुढे एखाद्या अधिकाऱ्यावर व्हिसाबंदी आणायची झाली तर तोच आधार होतो. त्या कागदाशिवाय प्रत्येक बैठकीत "पण त्याने खरंच काहीतरी केलं असेल ना" इथून सुरुवात करावी लागते.

"राजकीय हेतू" सिद्ध कसा करायचा हा तर सगळ्यात किचकट भाग. युरोपियन मानवाधिकार करारात कलम १८ आहे, हक्कांवर बंधन घालताना सांगितलेल्या कारणाऐवजी दुसराच हेतू असेल तर ते उल्लंघन. हा करार लागू करणारं युरोपियन मानवाधिकार कोर्ट हे सहजासहजी मान्य करत नाही. ज्या केसेसमध्ये मान्य केलं तिथे बहुतेक वेळा टाइमलाइननेच काम केलं, म्हणजे अहवाल कधी आला, मंत्री काय बोलला, झडती कधी झाली, अटक कधी, याच काळात अजून कोणाकोणाला उचललं. म्हणून फाईलमध्ये भावनेने भरलेल्या दहा पानांपेक्षा तारखांचं एक पान जास्त कामाचं. आणि प्रत्येक तारखेला पुरावा हवा, एक जरी चुकीची निघाली तरी सरकारचा वकील तेवढीच धरून बसतो.

तुर्कीचे उद्योजक आणि नागरी चळवळीतले कार्यकर्ते ओस्मान कवाला यांच्या केसमध्ये हे सगळं होतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये अटक, डिसेंबर २०१९ मध्ये युरोपियन कोर्टाने कलम १८ चं उल्लंघन मान्य करून सोडा म्हणून सांगितलं, फेब्रुवारी २०२० मध्ये निर्दोष सुटले आणि त्याच दिवशी दुसऱ्या आरोपाखाली पुन्हा ताब्यात. ऑक्टोबर २०२१ मध्ये दहा राजदूतांनी मिळून पत्रक काढलं तर एर्दोआन यांनी दहाही जणांना हाकलायची धमकी दिली, तुर्कीचं चलन लिरा घसरलं, मग दूतावासांनी आम्ही देशांतर्गत कारभारात ढवळाढवळ न करण्याचा नियम पाळतो असं म्हटलं आणि प्रकरण मिटलं, फक्त कवाला आतच राहिले. एप्रिल २०२२ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. आदेश पाळला नाही म्हणून युरोप परिषदेने तुर्कीला पुन्हा त्याच कोर्टात खेचलं आणि जुलै २०२२ मध्ये तसा निकालही लागला, तरी काही नाही. माझ्या मते इथे कमी पडलं ते एवढंच की पत्रकाच्या पुढची पायरी कोणी ठरवलीच नव्हती. धमकी आल्यावर काय करायचं हे दहा देशांनी आधी ठरवायला हवं होतं. पाठीमागे काहीच नसलेलं पत्रक काढून मागे हटणं हे न काढण्यापेक्षा वाईट, कारण समोरच्याला कळतं की एवढं सोसलं की पुरतं.

पाश्चात्य देशांशी मैत्री असलेल्या सरकारांबद्दल कोणीच बोलत नाही हेही खरं. यूएईचे मानवाधिकार कार्यकर्ते अहमद मन्सूर यांना २०१५ मध्ये मानवाधिकार कार्यकर्त्यांसाठीचा मार्टिन एनल्स पुरस्कार मिळाला, मार्च २०१७ मध्ये अटक झाली, १० वर्षांची शिक्षा, आणि ती भोगत असतानाच नव्या सामूहिक खटल्यात अजून १५ वर्षं. पाश्चात्य राजधान्यांतून काय आलं, तर जवळजवळ शांतता. शत्रूच्या तुरुंगातल्या माणसासाठी बोलायला धाडस लागत नाही, आणि हा दुटप्पीपणा प्रत्येक हुकूमशहा आपल्या लोकांना दाखवत असतो.

बाहेरच्या देशांचा निष्काळजीपणा किती महाग पडतो ते बेलारूसमध्ये दिसलं. अलेस बिआलिआत्स्की यांच्या व्यास्ना या मानवाधिकार संस्थेची नोंदणी २००३ मध्ये काढून घेतली, त्यामुळे देशात संस्थेचं खातं उघडता येईना, म्हणून लिथुआनिया आणि पोलंडमध्ये बिआलिआत्स्की यांच्या स्वतःच्या नावावर खाती होती. बेलारूसने नेहमीच्या कायदेशीर सहकार्याच्या नावाखाली माहिती मागितली आणि दोन्ही देशांनी ती दिली, त्याच्यावर २०११ मध्ये टॅक्सची केस उभी राहिली, साडेचार वर्षं. पोलंडने माफी मागितली पण माणूस २०१४ पर्यंत आतच. २०२१ मध्ये पुन्हा अटक, २०२२ मध्ये आत असताना नोबेल, मार्च २०२३ मध्ये १० वर्षं. शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये एकूण १२३ कैदी सुटले त्यात ते सुटले, अमेरिकेने पोटॅशवरचे (खतासाठी लागणाऱ्या खनिजावरचे) निर्बंध उठवायच्या बदल्यात, आणि थेट देशाबाहेर पाठवले गेले. अशा सौद्यांबद्दल मला विचारतात तेव्हा मी सांगते की बाहेर येणाऱ्या प्रत्येक माणसाचा मला आनंदच आहे, पण माणसं देऊन निर्बंध उठवता येतात हे कळलेलं सरकार पुढच्या सौद्यासाठी नवी माणसं पकडू शकतं. म्हणून सौदा करणाऱ्याने नव्या अटका थांबवायची अट त्यातच घालायला हवी, आणि ती मोडली तर निर्बंध परत लावायची तयारी ठेवायला हवी.

घरच्यांसाठी, मी प्रत्यक्षात काय करायला सांगते ते लिहिते. आतल्या माणसाची इच्छा वकिलामार्फत आधी विचारा, नाव जाहीर करायचं का, माफीचा अर्ज करायचा का, देश सोडायची तयारी आहे का. ऑगस्ट २०२४ च्या मोठ्या अदलाबदलीत रशियातून सुटलेल्या विरोधी नेते व्लादिमिर कारा-मुर्झा यांनी माफीच्या अर्जावर सही करायला ठाम नकार दिला होता. तो निर्णय आतल्या माणसाचाच, ना संस्थेचा ना भावाचा. अटकेच्या पहिल्याच दिवशी सगळं लिहून काढा, किती वाजता, किती लोक, वॉरंट दाखवलं का, काय जप्त केलं. औषधांची यादी आणि जुने रिपोर्ट स्कॅन करून देशाबाहेर कोणाकडे तरी ठेवा. बोलायला घरातलं एकच माणूस ठरवा, नाहीतर दोघांच्या दोन वेगळ्या गोष्टी छापून येतात. दूतावासांना सुनावणीची तारीख आधी कळवा आणि प्रत्यक्ष कोर्टात येऊन बसायला सांगा, मागच्या बाकावर तीन-चार परदेशी अधिकारी वही घेऊन बसले की न्यायाधीशाची भाषा बदललेली मी बघितलीय, निकाल बदलला नाही तरी वकिलाला बोलू दिलं जातं. आणि पुढच्या सहा महिन्यांत त्या देशाचे कुठले दौरे, परिषदा, कर्जाच्या बैठका आहेत त्याचं कॅलेंडर बनवा, मोहिमेचा जोर त्याप्रमाणे ठेवा, कारण वर्षभर सारख्याच आवाजात कोणीच ओरडू शकत नाही, लोक थकतात, घरचेही थकतात.

सुटल्यावर काम संपत नाही. लुजैन यांच्यावर प्रवासबंदी राहिलीच. शिक्षा कागदावर राहिली तर बँकेचं खातं, वकिलीची सनद, निवडणूक, पासपोर्ट सगळं अडतं आणि पुन्हा अटक करायला तोच कागद तयार असतो. अझरबैजानमध्ये राजकीय नेते इल्गार ममादोव २०१८ मध्ये सुटले होते, युरोपियन कोर्टाचा आदेश पाळला नाही म्हणून सरकारला परत कोर्टात न्यायची प्रक्रिया इतिहासात पहिल्यांदा त्यांच्याच केसमध्ये वापरली गेली होती, आणि तरीही मंत्री समितीने फाईल बंद केली नाही, गुन्हाच रद्द करा म्हणून धरून बसली. एप्रिल २०२० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ममादोव आणि जाफारोव दोघांचीही शिक्षा रद्द केली आणि नुकसानभरपाई दिली. तेव्हा सुटकेच्या दिवशी पत्रकार, दूतावास, संस्था सगळे अभिनंदन करून निघायला लागतात, त्याच दिवशी त्यांना विचारा की शिक्षा रद्द करायच्या अर्जावर तुमच्याकडून कोण काम करणार आहे, आणि नाव लिहून घ्या.